बिट अडकलं की मशीन फिरतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या हॉलमध्ये झोपाळा टांगायचा म्हणून तुम्ही 26 मिलिमीटर क्षमतेचं रोटरी हॅमर मशीन विकत घेतलंत. मेव्हण्याला शिडीची घोडी धरायला उभं केलंत आणि स्लॅबला भोकं पाडायला घेतलीत. पहिलं भोक लोण्यासारखं गेलं. दुसऱ्यात बिट, म्हणजे मशीनच्या तोंडाला बसवलेली भोक पाडायची कांडी, मध्येच अडकलं, मशीन हातातून गर्रकन फिरलं आणि उजवं मनगट मुरगळलं. बिट अजून स्लॅबमध्येच लटकतंय. चूक कुठे झाली आणि पुढचं काम सुरक्षित कसं करायचं, हे तुम्ही विचारलंय.

आधी मनगटाचं बघा. अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या बुडाशी एक खळगा पडतो. तो दाबल्यावर जर कळ येत असेल तर नुसता लेप लावून बसू नका. तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड अशाच झटक्यात तडकतं आणि कधीकधी पहिल्या एक्स-रेत ते दिसतही नाही. हाडांच्या डॉक्टरांना "मशीनचा झटका बसला" असं स्पष्ट सांगा, म्हणजे त्यांना नेमकं काय शोधायचं ते कळेल. हे इतक्या खात्रीने सांगतोय कारण माझंही तेच झालं होतं. भोसरीच्या एका शेडमध्ये केबल ट्रेसाठी बीमला फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट, मारत होतो. साइड हँडल कोपऱ्यात आडवं येत होतं म्हणून काढून ठेवलं होतं. बिट सळईला लागलं, मशीन फिरलं, आधी मनगट गेलं आणि मग मशीनची पाठ हनुवटीवर बसली. सहा आठवडे प्लास्टर होतं. तेव्हा या धंद्यात येऊन मला नऊ वर्षं झाली होती, म्हणजे नवशिका होतो असंही म्हणता येत नाही.

तर चूक कुठे झाली? भोक पाडताना माणसाचं सगळं लक्ष भोकावर असतं. पण या मशीनचा खरा धोका बिट फिरत असताना नसतो, ते थांबतं त्या क्षणाला असतो. मोटर चालूच असते, बिटला फिरायला वाव राहत नाही, मग ती सगळी ताकद मशीनच्या अंगाला फिरवते. उभं कसं राहायचं, धरायचं कुठे, कुठलं बटण वापरायचं, ही सगळी तयारी त्या एका क्षणासाठीच असते.

मशीन आतून कसं चालतं हे थोडं समजून घ्या. आपल्याकडे सर्रास "हॅमर ड्रिल" म्हणून जे विकतात त्यात दोन प्रकार येतात. साधं इम्पॅक्ट ड्रिल असतं त्यात दातेरी चकत्या एकमेकींवर घासून खडखड करतात, काँक्रीटमध्ये ते रडत रडत जातं आणि तुम्हाला अंगाने रेटावं लागतं. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन पुढेमागे होऊन हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा आतल्या ठोक्याला पुढे फेकते. ठोका बिटच्या बुडावर बसतो. तुमच्या मापाचं मशीन साधारण 800 वॅटचं असतं. त्याचे मिनिटाला 900 च्या आसपास फेरे होतात आणि 4000 च्या आसपास ठोके पडतात. म्हणजे काँक्रीट फोडायचं काम मशीन स्वतः करतं, तुम्ही फक्त त्याला जागेवर धरायचं. जोर लावून रेटलं तर हवेच्या त्या उशीला हलायला जागा राहत नाही, ठोका मंदावतो, बिट तापतं आणि भुकटी बाहेर यायच्या ऐवजी आतच कोंबली जाते. बिट अडकायची निम्मी कारणं या रेटण्यात असतात. उरलेली निम्मी सळईत.

आता सळईचा हिशोब मांडून दाखवतो. फ्लॅटच्या स्लॅबमध्ये खालच्या अंगाला बहुतेक वेळा 8 किंवा 10 मिलिमीटरच्या सळया साधारण 150 मिलिमीटरच्या अंतराने उभ्या-आडव्या जाळीत बांधलेल्या असतात. तुमचं बिट 12 मिलिमीटरचं, सळई 8 ची धरा. बिट सळईला चाटूनसुद्धा जाऊ नये म्हटलं तर दर 150 मिलिमीटरमधला 20 मिलिमीटरचा पट्टा धोक्याचा झाला. एका दिशेने ही शक्यता तेरा टक्क्यांवर जाते, दोन्ही दिशा धरल्या तर जवळपास पंचवीस. म्हणजे डोळे मिटून मारलेल्या दर चार भोकांमागे एक सळईवर जाणार. झोपाळ्याच्या चार कड्या, प्रत्येकीच्या प्लेटला चार फास्टनर, एकूण सोळा भोकं. त्यात सरासरी चारदा सळई भेटणार. तुम्हाला ती दुसऱ्याच भोकात भेटली, यात नशीब वाईट वगैरे काही नाही.

सळई भेटली हे हाताला आणि कानाला आधी कळतं. काँक्रीटमध्ये जाताना मशीनचा आवाज भरीव, घट्ट असतो आणि करड्या भुकटीची धार सारखी खाली येत असते. सळई लागली की आवाज बारीक होतो, घंटेच्या कडेवर टिचकी मारल्यासारखा. बिट पुढे सरकत नाही आणि भुकटीची धार तुटते. त्या क्षणी ट्रिगर सोडायचा. "अजून थोडं रेटून बघतो" म्हणालात की बिटच्या टोकाला जो कार्बाइडचा तुकडा असतो तो सळईच्या गोलाईवरून घसरतो, बाजूला जाऊन पाचर बसल्यासारखा रुततो आणि मशीन फिरतं. सळई लागली तर भोक सरकवा, सळई कापू नका. बीमच्या पोटातली सळई तर त्या बीमचा जीवच असते, तिला बिट लावायचंच नाही. स्लॅबमध्ये सळईवरचं काँक्रीटचं कव्हर साधारण 20 ते 25 मिलिमीटर असतं, कॉलमला 40. त्यावर गिलावा वेगळा. म्हणजे बिट इंचभर आत गेलं की सावध व्हायचं, त्याच खोलीवर सळई असते. सळई शोधायचं छोटं यंत्र भाड्यानेही मिळतं. सोळा भोकं पाडायची असतील तर ते आणा, पैसे वाया जात नाहीत. चार कटरचं, म्हणजे टोकाला चार धारा असलेलं, बिट दोन कटरच्या बिटापेक्षा सळईला लागल्यावर कमी अडकतं, थोडं महाग असलं तरी तेच घ्या.

आता मशीन धरायचं कसं. मशीनच्या पाठीमागून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. ते अडकलं की मशीन उलट दिशेला फिरतं. डाव्या बाजूला लावलेलं साइड हँडल खाली झटका मारतं आणि उजव्या हातातली मूठ उजवीकडे उसळते. म्हणून डावा हात हँडलच्या खालून आधार दिल्यासारखा ठेवायचा, कोपर अंगाजवळ आणि किंचित वाकलेला. सरळ ताठ हातावर झटका आला की तो थेट मनगटात आणि खांद्यात जातो. वाकलेला हात स्प्रिंगसारखा तो पिऊन टाकतो. साइड हँडल नसलेलं मशीन मी माझ्या हाताखालच्या पोरांना हातात घेऊ देत नाही. हँडल पेटीत मावत नाही, कोपऱ्यात आडवं येतं, ही सगळी कारणं मी स्वतः दिलेली आहेत, त्यामुळे दुसऱ्याची ऐकत नाही. आणि हँडल घट्ट आहे ना हे हाताने पिळून पाहायचं. सैल हँडल म्हणजे नसल्यासारखंच.

मशीनमध्ये एक क्लच असतो, बिट अडकलं की तो घसरून कटकट आवाज करतो आणि झटका मर्यादेत ठेवतो. पण मर्यादेत म्हणजे शून्य नव्हे. स्वस्तातल्या नकली मशीनचा क्लच इतका कडक असतो की तो घसरेपर्यंत मनगट गेलेलं असतं. जुन्या मशीनचा झिजून वेळेआधीच घसरतो आणि मग लोक आतलं उघडून तो घट्ट करून घेतात. असं घट्ट केलेलं मशीन भाड्याच्या दुकानातून आलं तर तुम्हाला बाहेरून कळणारही नाही. म्हणून भाड्याचं मशीन आणलं की पहिलं भोक जमिनीवर उभं राहून, छातीच्या उंचीवर, एखाद्या बिनमहत्त्वाच्या भिंतीत पाडून बघा.

ट्रिगरच्या बाजूला एक छोटं बटण असतं, ते दाबलं की बोट काढलं तरी मशीन चालू राहतं. ते बटण घोडीवर असताना कधीच वापरू नका. खरं तर घरकामात ते विसरूनच जा. बोट सुटलं की मशीन थांबलं पाहिजे.

घोडीचं. तुमचा मेव्हणा घोडी धरून खाली उभा होता, म्हणजे मशीन निसटलं असतं तर त्याच्याच डोक्यावर. धरणाऱ्याने बाजूला उभं राहून दोन्ही पायऱ्या दाबायच्या, बिटच्या थेट खाली यायचं नाही. घोडी अशी लावा की छत तुमच्या डोक्याच्या थोडं वर येईल आणि कोपर खांद्याच्या खाली राहील. हात पूर्ण वर ताणून मशीन चालवणं म्हणजे तीन किलोचं वजन आणि झटका दोन्ही खांद्यांच्या सांध्यावर घेणं. शेवटच्या पायरीवर चढून मारणारे बरेच बघितलेत, त्यांना झटका बसला की धरायला काहीच नसतं. स्टुलावर स्टूल ठेवून दिवाळीत पंखे पुसतात, तो प्रकार मशीन हातात घेऊन करू नका. मोठं काम असेल तर रंगारी वापरतात तसा दोन घोड्यांवर फळीचा माचा बांधून घ्या. एक पाय थोडा पुढे, एक मागे, अंगाचं वजन दोन्ही पायांवर. मशीन फिरलं तर तुम्ही हललात तरी पडणार नाही, असं उभं राहायचं.

आता भिंतीमागचं. फ्लॅटमध्ये मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते, कारण सळई निदान आवाज करून सांगते, वायर सांगत नाही. छतातल्या पंख्याच्या डब्यापासून भिंतीतल्या स्विचबोर्डापर्यंत पीव्हीसी पाइप स्लॅबच्या आत, खालच्या सळ्यांच्या जाळीवर टाकलेला असतो. साठ-सत्तर मिलिमीटर खोल भोक पाडलंत तर तुम्ही नेमके त्या पाइपाच्या पातळीला पोहोचता. पंखा आणि बोर्ड यांना जोडणारी रेघ मनात ओढा आणि तिच्या दोन्ही बाजूंना फूटभर जागा सोडा. पाइप सरळच टाकला असेल याची खात्री नाही, पण निदान अर्धा धोका टळतो. भिंतीत स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली वायरीच्या पाइपासाठी झिरी मारलेली असणारच, तिथे भोक नको. नळाच्या वरच्या उभ्या रेषेतही नको.

आणि त्या खोलीची एमसीबी बंद करून मग काम करा. मशीनला लाइट दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शनने घ्या. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. इन्व्हर्टर. एमसीबी पाडली, ट्यूब बंद झाली, माणूस निश्चिंत झाला आणि इन्व्हर्टरने पंख्याची लाइन जिवंत ठेवली, असं मी एका ओळखीच्या घरी स्वतः पाहिलंय. पंख्याची पाती फिरत होती आणि वर घरमालक मशीन घेऊन चढायच्या तयारीत. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा आणि मग टेस्टरने बघा. तरीही मशीन धरताना हात फक्त रबरी, प्लास्टिकच्या मुठींवर ठेवायचे. पुढे गिअरच्या घराचा धातूचा भाग असतो, तिथे पकडू नका. बिट जिवंत वायरीत घुसलं तर बिट, चक (बिट पकडणारं मशीनचं तोंड) आणि तो धातू सगळ्यांतून वीज येते. मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, ती दुहेरी इन्सुलेशनची. तेवढी एक खूण बघून निर्धास्त होऊ नका. मशीनच्या आत बिघाड झाला तर ती तुम्हाला वाचवते, बाहेरून बिटवाटे आलेल्या विजेपासून वाचवत नाही. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच, बसवलेला असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतोय ना हे आधी बघून घ्या.

वायरबद्दल थोडक्यात. 800 वॅटचं मशीन साडेतीन अँपिअरच्या आसपास खेचतं, साध्या सॉकेटवर चालतं. एक्स्टेन्शन दीड स्क्वेअर मिलिमीटर वायरीचं हवं आणि रीळ पूर्ण उलगडून, नाहीतर गुंडाळीतच तापतं. साइटवर प्लग तुटला की उघड्या तारा सॉकेटमध्ये खुपसून आगकाडीची पाचर मारतात. ते चित्र तुम्ही पाहिलं असेल. करू नका, आणि कामाला माणूस बोलावलात तर त्यालाही करू देऊ नका. मशीनच्या मुठीपाशी केबलला टेप गुंडाळलेला दिसला तर ते मशीन दुकानात परत.

आता प्रत्यक्ष भोक पाडताना. बिट बसवायच्या आधी प्लग काढलेला असू द्या. बिटच्या बुडाची माती पुसा, त्यावर गहू-ज्वारीच्या दाण्याएवढं ग्रीस लावा, चकची बाही मागे ओढून बिट आत ढकला आणि जरा फिरवा, खटकन बसेल. मग ते बाहेर ओढून बघा. थोडं पुढेमागे खेळणार, तशीच त्याची रचना आहे, पण निघता कामा नये. 10 मिलिमीटर बुडाच्या या पद्धतीला एसडीएस प्लस म्हणतात, जाड 18 मिलिमीटर बुडाची असते ती एसडीएस मॅक्स. तुमच्या मशीनमध्ये मॅक्सचं बिट जाणारच नाही, दुकानदाराने दिलं तरी. मोडची चकती तीन खुणांची असते: नुसतं फिरणं, फिरणं आणि ठोका, नुसता ठोका. मशीन पूर्ण थांबल्याशिवाय ही चकती किंवा उलट-सुलट फिरण्याची खुंटी हलवू नका, गिअरचे दात जातात.

काँक्रीटसाठी फिरणं आणि ठोका. टाइल असेल तर आधी टाइलच्या बिटाने नुसतं फिरवून टाइल पार करा, मग ठोका लावा. सिपोरेक्सच्या किंवा एएसी ब्लॉकच्या भिंतीला ठोका अजिबात नको, नुसतं फिरवूनही बिट भाकरीत सुरी जावी तसं जातं. ठोका लावला तर भोक मोठं होतं आणि गिट्टी सैल राहते. विटांच्या भिंतीत पलीकडे खोली असेल तर शेवटच्या इंचात हात हलका करा, नाहीतर पलीकडचा गिलावा ताटाएवढा निघून पडतो. भुकटीचा रंग बघत राहिलं की आपण कुठे आहोत ते कळतं: पांढरी म्हणजे पीओपी किंवा ब्लॉक, लाल म्हणजे वीट, करडी म्हणजे गिलावा किंवा काँक्रीट.

सुरुवात ट्रिगर जेमतेम दाबून, हळू. बिट जागेवर टेकवलं की मगच, कारण बिट टेकून दाबल्याशिवाय ठोका सुरूच होत नाही, हवेत चालवून काही कळत नाही. थोडा खळगा पडला की वेग वाढवा. दर दोन-तीन सेंटिमीटरला बिट फिरत असतानाच बाहेर घ्या, भुकटी निघून जाऊ द्या, परत आत. वर छताला मारताना भुकटी आपोआप खाली येते, त्यामुळे तिथे हा त्रास कमी, पण ती सगळी तुमच्या डोळ्यांत. चहाचा कागदी कप घ्या, बुडाला भोक पाडून बिटमध्ये ओवा, तोंड छताकडे. निम्मी भुकटी त्यात जमते. गॉगल तरीही हवा, चष्म्याने बाजूने आलेलं थांबत नाही. भोकाची खोली ठरवायची पट्टी मशीनला असते, ती लावून बंद करा. स्लॅब पाच ते सहा इंचांचा असतो, वरच्यांच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग फोडलंत तर प्रश्न सुरक्षेचा राहत नाही, सोसायटीच्या मीटिंगचा होतो.

बिट काढताना लगेच हात लावू नका. सळईला घासलेलं बिट तव्यासारखं चटका देतं. हातमोजे घातलेत तर बोटांना घट्ट बसणारे घ्या. सुती सैल मोज्याचा धागा फिरत्या बिटात गेला तर बोटासकट ओढला जातो. ओढणी, गळ्यातला लांब गोफ, शर्टाची सुटी बाही, मोकळे केस, यांचंही तेच.

धूळ. माझ्या पिढीने ही गोष्ट फार उशिरा मनावर घेतली. काँक्रीट आणि वाळूच्या भुकटीत सिलिका असते. तिचे जे बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात ते चार-पाच मायक्रॉनहून लहान असतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. रुमाल बांधला की दिसणारी धूळ अडते, न दिसणारी जात राहते. त्यातून होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, कायद्याने कळवायलाच लागणाऱ्या आजारांत आहे आणि तो बरा होत नाही. घरी सोळा भोकांनी कुणाला सिलिकोसिस होत नाही, हेही खरं. पण एन-95 मास्क फार महाग नसतो आणि मूल, दमा असलेली आजी घरात असेल तर दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद. नंतर झाडू मारून तीच धूळ पुन्हा उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. भोकातली भुकटी तोंडाने फुंकायची सवय तर सोडाच, ती सरळ डोळ्यांत परत येते. रबरी पंपाने किंवा बाटलीब्रशने काढा. भुकटी राहिली तर फास्टनरही नीट धरत नाही, म्हणजे त्या सफाईचा झोपाळ्याशीही संबंध आहे.

कंपनाचं मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही. या मापाच्या मशीनची काँक्रीटमधली कंपनं साधारण 12 ते 15 मीटर प्रति सेकंद वर्ग असतात. युरोपात दिवसाला आठ तासांच्या हिशोबाने 2.5 ही सावध व्हायची रेषा आणि 5 ही शेवटची मर्यादा धरतात. साडेबारा धरून गणित केलं तर ट्रिगर दाबलेला वेळ सुमारे 19 मिनिटांचा झाला की पहिली रेषा ओलांडली जाते आणि 77 मिनिटांत शेवटची. तुमच्या सोळा भोकांना एवढा वेळ लागणार नाही. मी मात्र अशी वर्षं काढली आहेत आणि डिसेंबरात पहाटे दुधाची पिशवी धरली की उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडतात. मूठ आवळून मशीन धरलं की कंपन जास्त चढतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. धरायचं घट्ट, पण आवळायचं नाही. मधे मधे हात खाली सोडा. कानात बोळे घाला, स्लॅबला मारलेलं मशीन बंद खोलीत कानठळ्या बसवतं.

आता झोपाळ्याविषयी, कारण सुरक्षितता भोक पाडून संपत नाही. तिघे बसतील असा झोपाळा लोक टांगतात. पाट आणि कड्या 30 किलो, तीन माणसं 70 ची, झाले 240. चार कड्यांवर वाटलं तर 60-60. पण 45 अंशापर्यंत झोका घेतला की खालून जाताना ताण दीडपटीच्या वर जातो, आणि पोरं झोपाळ्यावर उड्या मारतात, सगळे एका बाजूला बसतात. दर झोक्याला हे वजन बदलतं, फास्टनर हळूहळू सैल होतो. स्लॅबचं पोट ताणाखाली असतं, तिथे बारीक भेगा असतात, म्हणून भेगाळलेल्या काँक्रीटसाठी म्हणून दिलेलाच फास्टनर घ्या. केमिकल अँकर, म्हणजे इपॉक्सीसारख्या रसायनाने भोकात चिकटवलेला बोल्ट, लावायचा असेल तर तो सतत ओढ सहन करणाऱ्या प्रकारचा आहे ना हे पुस्तिकेत बघा. 2006 मध्ये बॉस्टनच्या एका बोगद्याचं छत अशाच चुकीच्या इपॉक्सीमुळे पडलं, सततच्या ओढीने इपॉक्सी हळूहळू सरकत गेलं आणि एका बाईचा जीव गेला. इमारत नवी आणि उंच असेल तर बिल्डरला आधी विचारा, स्लॅब पोस्ट-टेन्शनचा, म्हणजे आत ताणून ठेवलेल्या पोलादी तारांचा, आहे का. त्यातल्या एकेका 12.7 मिलिमीटरच्या तारेवर 13-14 टनांचा ताण असतो. त्या स्लॅबला नकाशा बघितल्याशिवाय बिट लावायचं नाही, इथे माझं दुसरं मत नाही. आणि कड्यांची जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ठरवून घ्या, त्याची फी झोपाळ्याच्या सागवानापेक्षा कमी असते.

राहिलं ते लटकणारं बिट. मशीनला लटकून ते ओढू नका. प्लग काढा, चकची बाही मागे ओढून मशीन बाजूला करा, बिट तिथेच राहू द्या. पाइप पान्याने बुडाला धरा. आधी उलट थोडं, मग सुलट थोडं, असं हलवत खाली ओढत राहा. दोन-पाच मिनिटं लागतील, हातोडी मारू नका. निघालं नाही तर शेजारी बारीक बिटाने एक भोक पाडून त्याची पकड सैल करा, तेही सळईपासून दूर. बाहेर आल्यावर टोक बघा. कार्बाइडचा तुकडा जागेवर नसेल तर तो स्लॅबमध्ये राहिलाय, त्या भोकात दुसरं बिट घालू नका, तेही मोडेल. ते भोक नॉन-श्रिंक, म्हणजे वाळताना न आकसणाऱ्या, ग्राउटने भरून टाका आणि नवं भोक जुन्याच्या खोलीच्या किमान दुप्पट अंतरावर घ्या. प्लेटची चारही भोकं मग सरकवावी लागतील, त्याला इलाज नाही. ग्राउट वाळेपर्यंत तुमचं मनगटही जरा सावरेल. सोसायटीत दुपारी दोन ते चार मशीन चालू नसतंच, तेवढ्या वेळात पंखा-बोर्डाची रेघ खडूने छतावर आखून ठेवा.